‘समजलं का?’ हा प्रश्न सोडा: दातांच्या दवाखान्यात नव्याने बसणाऱ्यांसाठी

दाढ काढून गेलेल्या एक मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी पदराने तोंड झाकून परत आल्या. रक्त थांबत नव्हतं. आदल्या संध्याकाळी 6 वाजता मीच त्यांना सांगितलं होतं, "24 तास चूळ भरायची नाही." त्यांनी मान हलवली होती. "समजलं ना?" म्हटल्यावर "व्हय की ओ" असं उत्तरही दिलं होतं. आता विचारलं, तर म्हणाल्या, "चूळ न्हाई भरली बाई. गुळण्या केल्या. गरम पाण्याच्या, मीठ टाकून."

चूळ म्हणजे जेवल्यावर तोंड खळखळून टाकायची ती. गुळणी म्हणजे घसा धरला की मान मागे करून करायची ती. त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यात मी जाता जाता "उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा" हेही सांगून टाकलं होतं. माझ्या डोक्यातला उद्या संध्याकाळी 6 ला सुरू होत होता, त्यांचा उजाडल्याबरोबर. त्या पहाटे 5 ला उठतात.

सोलापूरच्या पूर्व भागात मी दातांचा दवाखाना चालवते. हा लेख नुकतीच डिग्री घेऊन खुर्चीशेजारी उभ्या राहिलेल्यांसाठी आहे, इंटर्नशिप करणाऱ्यांसाठी आहे, आणि काउंटरवर बसून "डॉक्टर काय म्हणाले ओ?" या प्रश्नाला दिवसभर उत्तर देणाऱ्या असिस्टंट मुलींसाठी तर नक्कीच आहे. दात कसा काढायचा ते कॉलेजात शिकवतात. काढल्यावर काय सांगायचं तेही शिकवतात. सांगितलेलं घरापर्यंत पोचलं की नाही, हे बघायला मात्र आपलं आपणच शिकावं लागतं.

पहिली पायरी: घरात कोणती भाषा आहे ते विचारा

केसपेपरवर नाव, वय, पत्ता लिहिता तिथेच एक ओळ वाढवा: घरी काय बोलता? आपल्याकडे हा प्रश्न कुणाला खटकत नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्यांत कन्नड, कुणाकडे उर्दू. हे सगळे लोक बाजारात, बसमध्ये, कारखान्यात फाडफाड मराठी बोलतात. पण दुखणं सांगायची आणि ऐकायची भाषा बऱ्याचदा घरचीच असते. कन्नडमधलं ‘हल्लु नोवु’ आणि तेलुगूतलं ‘पंटि नोप्पि’, म्हणजे दातदुखी, एवढं जरी तुमच्या तोंडून आलं तरी समोरची अव्वा खुर्चीत जरा सैल बसते. पुढचं सगळं मोडक्यातोडक्यात चालेल, पण मोडक्यातोडक्यावर ‘औषध कसं घ्यायचं’ हे सोडू नका. तिथे भाषा येणारं माणूस हवंच.

ते माणूस म्हणजे सोबत आलेली दहा वर्षांची नात नव्हे. मुलं चटपटीत असतात, पण अवघड वाक्य आलं की गाळतात, आणि आजीला तंबाखूबद्दल विचारायचं तर लाजतात. आमच्या असिस्टंटला तेलुगू येते, तिलाच मी समोर बसवते.

छापील कागदाचंही असंच. घरी तेलुगू बोलणाऱ्या कित्येकांची शाळा मराठीत झालेली असते. त्यांच्या हातात तेलुगू लिपीतला कागद दिला तर बोलता येणारी भाषा वाचता येत नाही, असं होतं. "वाचता येतं का?" असं कधीच विचारू नका, माणूस खाली मान घालतो. "घरी दवाखान्याचे कागद कोण बघतं?" असं विचारा. "सून बघती" म्हटलं की समजा, सुनेशी फोनवर बोलायचंय.

दुसरी पायरी: आपलेच शब्द तपासा

इंग्रजी शब्द टाळा, हे सगळेच सांगतात. पण मला इंग्रजीपेक्षा मराठी शब्दांनी जास्त फसवलंय.

‘कीड’ हा शब्द घ्या. दात किडला म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खरोखर वळवळणारी कीड येते. म्हणूनच तर यात्रा-बाजारात कानात, तोंडात धूर देऊन ‘कीड काढून दाखवणाऱ्यां’चा धंदा चालला. माणूस म्हणतो, डॉक्टर, कीड काढून टाका की, दात कशाला पोखरताय? तेव्हा एकदा शांतपणे सांगा: यात अळीबिळी नसते. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि आंबट पाणी सोडतात. ते आंबट पाणी दात विरघळवतं. शहाबादी फरशीवर लिंबू सांडून तसंच राहिलं की डाग पडतो, तसं. फरशीचा डाग आमच्याकडे प्रत्येकीने बघितलेला असतो, त्यामुळे हे पटकन बसतं. त्याच ओघात हेही सांगता येतं की एकदम दोन पेढे खाण्यापेक्षा दिवसभर पाच वेळा गोड चहा जास्त नडतो, कारण दर वेळी ते आंबट पाणी नव्याने सुटतं.

‘नस’ हाही तसाच. रूट कॅनालला आपण ‘नस काढायची’ म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, ही नस डोळ्याला, मेंदूला गेलेली असणार. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती इथूनच पक्की होते. मी म्हणते, "दाताच्या पोटात सुतासारखा एक धागा असतो. तो सडलाय. तो काढून आत साफ करून भरायचं. दात तुमचाच राहतो." सूत, धागा, भरणं हे यंत्रमागाच्या गावात कुणाला समजावून द्यावं लागत नाही.

‘दात साफ करणे’ म्हटलं की लोकांना ते गोरे होण्यासाठी वाटतं, म्हणून नको म्हणतात. त्यावर ‘मशीनने दात झिजतात, हलायला लागतात’ ही समजूत आहेच. इथे आरसा हातात द्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मागचं पिवळं किटण दाखवा. नळाच्या तोटीला पाण्याचा क्षार धरतो, तसं हे थुंकीतल्या क्षाराचं बसलेलं आहे. ते ब्रशने निघत नाही. दात किटणामुळे उभा नसतो, किटणामुळे हिरडी खाली सरकते आणि मग तो हलतो. किटण काढलं की आधीच झालेली फट दिसायला लागते, एवढंच. हे आधी सांगितलं तर शहाणपण ठरतं, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

तिसरी पायरी: तीनच गोष्टी

कॉलेजात पाठ केलेल्या दाढ काढल्यानंतरच्या सूचना दहा-बारा तरी भरतात. त्या ओळीने म्हणून दाखवल्या की आपलं कर्तव्य झालं असं वाटतं. पेशंटचा जबडा बधिर असतो, कापूस तोंडात असतो, बाहेर रिक्षा थांबलेली असते. तीनपेक्षा जास्त काही डोक्यात राहत नाही. मी निवडताना एवढंच बघते, की आज रात्री घरी काय बिघडू शकतं. माझे तीन असे:

कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरा, सारखा काढून बघू नका.

आज थुंकायचं नाही, चूळ नाही, गुळणी नाही. थुंकी गिळा, ती गुलाबी दिसली तरी घाबरू नका.

आज विडी नाही, तंबाखू नाही, मशेरी नाही.

दुसऱ्या वाक्याला कारण जोडा, नाहीतर ते पाळलं जात नाही. तोंडात रक्त आलं की थुंकायचं, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की गिळा म्हटलं की किळस येते. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेवरची खपली. थुंकताना, चूळ भरताना ती ओढून निघते. निघाली तर दोन-तीन दिवसांनी असा ठणका लागतो की कान-डोकं एक होतं. गुडघ्यावरची खपली पोराने खरवडली की काय होतं, ते आयांना माहीत असतं.

शेकण्याबद्दल विचारलं तरच बोला: आज शेक नाही, हवं तर बाहेरून गालाला बर्फ. मिठाच्या पाण्याचं आज काढूच नका. ते उद्या फोनवर.

चौथी पायरी: त्यांच्या तोंडून परत ऐका

घाई असली तर बाकीच्या पायऱ्या सोडून द्या, ही सोडू नका.

‘समजलं का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ हे एकच उत्तर आहे. नाही म्हणणं म्हणजे डॉक्टरांचा वेळ खाणं, किंवा आपण अडाणी असल्याची कबुली. ‘काही शंका?’ याला तर उत्तरच नसतं, लोक चप्पल शोधायला लागतात. म्हणून समोरच्याला आपण सांगितलेलं त्याच्या शब्दांत सांगायला लावायचं. पण परीक्षेसारखं नाही. चूक झालीच तर ती आपल्या पदरात पडेल, अशी वाक्यरचना ठेवायची. मी रोज वापरते ते वाक्य:

"मावशी, मी भरभर बोलते, मला सगळे सांगतात. नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सून विचारेल, काय म्हणाल्या डॉक्टर? तर काय सांगाल तिला?"

मागच्याच आठवड्यात एका काकांशी झालेलं बोलणं असं:

"थुंकायचं न्हाई म्हणून सांगतो."

"बरोबर. आणि किती वेळ?"

"कापूस काढोस्तर."

"कापूस तर पाऊण तासाने काढाल. त्यानंतर?"

"त्यानंतर मोकळं."

इथे नवीन डॉक्टर काय करतो? तेच वाक्य मोठ्या आवाजात म्हणतो: "24 तास! 24 तास!" काका बहिरे नव्हते. त्यांना चोवीस तास ही मोजणी लागत नव्हती. मी घड्याळाकडे बोट केलं. "आता संध्याकाळचे 5 वाजलेत. उद्या याच वेळेला, चहा पिऊन झाला की मग मोकळं." काका म्हणाले, "म्हंजे उद्याच्या चहापातुर थुंकायचं न्हाई." हे वाक्य माझ्या वाक्यापेक्षा चांगलं होतं. तेव्हापासून मी तेच वापरते.

लक्षात घ्या, परत सांगताना चुकलं तर शब्द बदलायचे, आवाज नाही. दुसऱ्यांदाही चुकलं तर हाताने करून दाखवायचं. तिसऱ्यांदा चुकलं तर घरच्या माणसाला आत बोलवायचं. वेळ लागतो, पण मिनिट-दीड मिनिटच. रात्री साडेदहाला ‘रक्त थांबंना’ म्हणून येणाऱ्या फोनला याहून जास्त लागतो.

पाचवी पायरी: हातात द्या, तोंडात दाखवा

ब्रश कसा करायचा हे भिंतीवरच्या पोस्टरने कधीच कुणी शिकलं नाही. एक जबड्याचं मॉडेल, एक ब्रश आणि हातआरसा, एवढं पुरतं. आधी पेशंटला म्हणा, "रोज करता तसं करून दाखवा." फरशी घासल्यासारखा आडवा हात चाललेला दिसेल. मग ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून, हलकेच, हिरडीकडून दाताकडे कसा फिरवायचा ते दाखवा, आणि परत त्यांच्या हातात द्या.

पेस्ट किती घ्यायची हे दाण्याने सांगा. 3 वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, 3 ते 6 वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दिसते, तेच पोरं मागतात. पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का ते ट्यूबवर बघायला शिकवा. 1000 पीपीएम असा आकडा शोधायचा.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट तोंडात बोट घालूनच दाखवा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडलेला नसतो, त्यामुळे ती पक्की आहे हे घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. ‘दुधाची हाय, पडल’ म्हणत ती किडू दिली जाते, आणि नवव्या वर्षी पोराला घेऊन येतात तेव्हा निम्मी गेलेली असते. आईचं बोट धरून त्या दाढेवर टेकवा. "ही म्हातारपणापर्यंतची." वर-खाली, डाव्या-उजव्या मिळून अशा 4 असतात.

सहावी पायरी: मशेरीचं विचारताना

"तंबाखू खाता का?" या प्रश्नाला विड्या वळणाऱ्या बाया सरळ "न्हाई" म्हणतात, आणि खोटं बोलत नाहीत. मशेरी त्यांच्या हिशेबी तंबाखूत मोडतच नाही, ते मंजन आहे. म्हणून विचारायचं असं: "सकाळी दात कशाने घासता?" मग पुढे, "दुपारी परत लावता का? किती वेळ ठेवता?" दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लावून अर्धा तास तोंडात धरणाऱ्या बाईच्या केसपेपरवर ‘तंबाखू: नाही’ लिहिलेलं मी स्वतःच्याच अक्षरात बघितलंय.

रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी मशेरी पुसून येतील. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, भाजल्याने त्यातलं वीष जात नाही, एवढं साधं सांगा. नंतर आरसा द्या. मशेरी जिथे ठेवतात तिथे ओठाच्या आत, हिरडीलगत पांढुरकी, सुरकुतलेली चामडी असेल तर त्यांनाच बघू दे. डाव्या आणि उजव्या बाजूतला फरक त्या स्वतः सांगतात, आपण बोलायची गरज पडत नाही.

मावा-गुटखा खाणाऱ्या पोरांना त्यांचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण पोरांच्या खिशाला ते माहीत नाही. तीन बोटं जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर गालाची आतली कातडी आवळत चाललीय, आणि ती आवळलेली परत पहिल्यासारखी सैल होत नाही. हे बोटांनी कळलेलं पोरगं रात्री मित्रांनाही करून दाखवतं.

आणि सगळ्यांनाच सांगायचं एक वाक्य: तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा 2 आठवड्यांत गेला नाही, तर दुखत नसला तरी दाखवायला यायचं. ‘दुखत नसला तरी’ हे शब्द त्यांच्या तोंडून परत ऐका, कारण नेमके तेच गळतात.

सातवी पायरी: गोळ्या आणि उपास

चिठ्ठीवरचं 1-0-1 पेशंटसाठी नसतं, मेडिकलवाल्यासाठी असतं. पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून द्या. ‘जेवणानंतर’ लिहिण्याआधी विचारा, जेवता किती वेळा? दोनदाच जेवणारा माणूस दिवसातून तीनची गोळी दोनदाच घेतो. उपासाचं विचारायचंच: एकादशी, सोमवार, चतुर्थी, रमजानचे रोजे. उपासाला गोळी चालत नाही असं मानून मधला दिवस सरळ गाळला जातो. मेट्रोनिडॅझोल दिली असेल तर दारूचं सगळ्यांदेखत विचारू नका, पण सांगितल्याशिवाय सोडूही नका. ‘या गोळीबरोबर घेतली तर उलट्या होऊ शकतात, गोळ्या संपल्यावरही दोन-तीन दिवस थांबा.’

दात काढायच्या आधी "काही आजार?" असं विचारलं की उत्तर ‘काय न्हाई’. गोळी चालू आहे म्हणजे आजार नाही, असा हिशेब असतो. "रोजची कुठली गोळी? पाकीट घेऊन या," असं म्हणा. पाकिटातून रक्त पातळ करायची गोळी निघते, शुगरची निघते. शुगर निघाली तर हिरडी आणि शुगर एकमेकींना बिघडवतात हे सांगायची तीच वेळ. मात्र रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, हेही त्याच श्वासात. नाहीतर दात काढायचाय म्हणून शेजारणीच्या सल्ल्याने आधीच बंद करून येतात.

आठवी पायरी: फेऱ्या आणि पैसे आधीच

रूट कॅनाल पहिल्या फेरीतच दुखायचं थांबतं, आणि तिथेच निम्मे पेशंट हरवतात. "गड्ड्यानंतर येतो," म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेनंतर येतो, म्हणून गेलेला माणूस पुढच्या गड्ड्याच्या यात्रेला तुटलेला दात घेऊन येतो. तेव्हा पहिल्याच दिवशी सांगा: दुखायचं थांबेल, कारण दुखणारा धागाच काढलाय. दात बरा झाला म्हणून नाही. आत आता तात्पुरतं सिमेंट आहे, ते झिजतं. फेऱ्या किती, त्यातल्या किती हजेरी बुडवणाऱ्या, कॅपचे पैसे धरून एकूण किती, हे कागदावर आकड्यात लिहून द्या. पैशाची गोष्ट अर्धवट कळली की उपचाराची गोष्टही अर्धवट राहते.

नववी पायरी: घरी न्यायचा कागद

एका पानावर, मोठ्या अक्षरात, त्या तीन गोष्टी आणि फोन नंबर. चित्रं काढलीत तर छापायच्या आधी पाच-सहा पेशंटना दाखवा. आम्ही चूळ भरू नका यासाठी ग्लासवर लाल फुली मारलेलं चित्र छापलं होतं. एक आजोबा दाढ काढल्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंब न घेता राहिले, तेही एप्रिलच्या सोलापुरात. उरलेले कागद अजून कपाटात आहेत, पाठकोऱ्या म्हणून वापरतो. आता कागदासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवतो, असिस्टंटच्या तेलुगूत किंवा माझ्या मराठीत. तो घरात सगळे ऐकतात.

दुसऱ्या दिवशी फोन करा. "कसं आहे?" विचारलं तर "बरं आहे" येतं. "काल रात्री काय खाल्लं? सकाळी तोंड कसं धुतलं?" असं विचारा. त्याच फोनवर मिठाच्या पाण्याचं सांगायचं: 24 तास झाल्यावर, ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, तोंडात हलकेच फिरवून सोडून द्यायचं, जोरात खळखळायचं नाही.

आणि एक वही ठेवा. आपलं कुठलं वाक्य कसं परत आलं, ते त्यात लिहायचं. माझ्या वहीतली शेवटची नोंद यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एका अण्णांची आहे. ‘रोज रात्री ब्रश करा’ असं मी त्यांना तीन महिने सांगत होते. ते म्हणाले, "रात्री मी मागावर असतो की ओ, तिथं ब्रश कुठला करू?" वहीत त्याखाली लिहिलंय: ‘रात्री’ नाही, ‘झोपायच्या आधी’.